लेथचा चक निवडताना: ट्रू चक, डॉग चक, कोलेट आणि पॉवर चक कामाच्या कसोटीवर

लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून फिरवणारा चक घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'किती इंची?' खरं तर तो सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी जॉब बघावा. गोल आहे की वाकडातिकडा, भरीव आहे की पातळ भिंतीचा, एकाच सेटिंगमध्ये पुरा होणार की काढून उलटा लावावा लागणार, आणि कापताना मिनिटाला किती फेरे घेणार? एवढं ठरलं की चकची जात ठरते आणि मग माप शोधायला फार वेळ लागत नाही. पुढे प्रत्येक जात याच अंगाने तपासली आहे: पकड किती, मध्य किती अचूक, सोडल्यावर जॉबचा आकार तसाच राहतो का, आणि वर्षभर राबल्यावर यातलं किती टिकतं.

थ्री जॉ स्क्रोल चक, म्हणजेच ट्रू चक

याच्या पोटात स्क्रोल नावाची एक चकती असते. तिच्या पुढच्या अंगाला सर्पिल आटे आणि मागच्या अंगाला बेव्हल दाते. चावीने पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, फिरतं, पिनियनमुळे चकती फिरते, आणि आट्यांत दात रोवून बसलेले तिन्ही जबडे एकाच वेळी आत किंवा बाहेर सरकतात. गोल आणि षटकोनी माल धरायला हाताने चालणाऱ्या चकमध्ये याच्याइतका झटपट दुसरा नाही.

याची कमजोरी सर्पिलातच आहे. मध्याजवळ सर्पिलाचा वळसा तीव्र असतो, कडेला सौम्य. जबड्याचे दात मात्र एकाच वळणाचे घडवलेले असतात. त्यामुळे दात आट्याला पूर्ण अंगाने न टेकता जवळजवळ एका रेषेवर टेकतो. सगळा दाब त्या रेषेवर येतो, आणि झीजही तिथेच होते. नव्या, चांगल्या प्रतीच्या २०० मिमी चकमध्ये ग्राइंड केलेला टेस्ट बार धरून तोंडाजवळ डायल (काट्याचं मापक) लावली, तर एकूण ०.०५ ते ०.०८ मिमी रनआउट, म्हणजे एका फेऱ्यात वाचनात पडणारा फरक, मिळतो. स्वस्त प्रतीत तो ०.१ मिमीच्या पुढेही जातो.

या आकड्याला उगाच घाबरू नये. जॉब एकाच पकडीत टर्न (बाहेरून), बोअर (आतून) आणि फेस (तोंडावर) होऊन कापला जाणार असेल, तर सगळे व्यास एकमेकांशी समकेंद्रीच निघतात, चक कितीही बाहेर चालत असला तरी. रनआउट नडतो तो दुसऱ्या ऑपरेशनला, म्हणजे पूर्ण झालेल्या व्यासावर धरून उलटी बाजू करताना. त्या कामासाठी साध्या ट्रू चकवर भिस्त ठेवणं चुकीचं आहे.

झीज सगळीकडे सारखी होत नाही, हे तपासताना लक्षात ठेवावं. वर्षानुवर्षं २५ मिमीचा बारच धरला असेल तर स्क्रोल त्याच जागी झिजतो. २५ वर ०.१५ मिमी आणि ८० वर ०.०५ मिमी असं वाचन मिळणं अगदी शक्य आहे. म्हणून एकाच मापावर तपासून चकला नाव ठेवू नये किंवा पासही करू नये. निदान तीन व्यासांचे बार धरून वाचनं लिहून ठेवावीत.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे जबड्यांची तोंडं फाकणं. जबड्याच्या खाचा सैलावल्या की जॉब मागच्या टोकाला घट्ट आणि पुढच्या टोकाला सैल धरला जातो. ओळखायची सोपी रीत: ग्राइंड केलेल्या बारभोवती तिन्ही जबड्यांखाली, पुढे आणि मागे, पातळ कागदाच्या पट्ट्या घालून चक आवळावा. पुढच्या पट्ट्या सहज ओढून निघाल्या तर तोंड फाकलंय. अशा चकमध्ये जॉब कापताना हलतो, चॅटरच्या, म्हणजे थरथरीच्या, खुणा पडतात आणि दोष टूलला दिला जातो.

यावर उपाय म्हणजे जबडे मशीनवरच ग्राइंड करणं. ते करताना एक गोष्ट हमखास चुकते. जबडे नुसते मोकळे ठेवून ग्राइंड केले तर स्क्रोलची मोकळीक चुकीच्या बाजूला राहते, आणि जॉब धरल्यावर सगळं पुन्हा सरकतं. जबड्यांवर भार त्याच दिशेने हवा ज्या दिशेने ते जॉब धरताना असतात. बाहेरून पकडणाऱ्या जबड्यांसाठी आतल्या टोकाशी एक लहान चकती पकडून चक नेहमीच्या जोराने आवळावा आणि उरलेली लांबी टूलपोस्ट ग्राइंडरने घासावी. चकतीमुळे जो भाग घासायचा राहतो तो आधीच खोलगट करून ठेवावा लागतो, नाहीतर तिथे पायरी उरते. ग्राइंडिंग चालू असताना बेडवर आणि चकच्या खाचांवर फडकं पसरावं, कारण एमरीची धूळ स्क्रोलमध्ये गेली तर दुरुस्तीच बिघाड होऊन बसते.

जबडे काढून परत घालताना क्रम पाळावा लागतो. जबड्यांवर आणि खाचांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. चावी फिरवत स्क्रोलच्या आट्याचं टोक पहिल्या खाचेत दिसेपर्यंत आणायचं, किंचित मागे घ्यायचं, पहिला जबडा दाबून धरायचा आणि टोक त्याच्या दातात शिरू द्यायचं. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या खाचेत हेच. एक जरी फेर चुकला तरी जबडे मध्यावर एकत्र मिळत नाहीत. शेवटी चक पूर्ण मिटवून तिन्ही टोकं एका बिंदूत आली का बघावं. दहा सेकंदांचं काम आहे.

पुष्कळ चकवर तीनपैकी एका पिनियनजवळ खूण असते. त्या चकची अचूकता त्याच पिनियनने आवळून तपासलेली असते, म्हणून शेवटचा आवळ नेहमी तिथूनच द्यावा. चावीला पाइप लावून आवळणं मात्र कधीही समर्थनीय नाही. त्याने पिनियनचं चौकोनी भोक फाकतं, आटे दबतात, आणि इतकं करून पकड त्या प्रमाणात वाढतही नाही, कारण जादा जोर घर्षणात जातो. तसंच जबडा चकच्या बाहेर किती काढावा यालाही मर्यादा आहे. त्याचे निदान तीन दात स्क्रोलमध्ये गुंतलेले असावेत. मोठा जॉब बसत नसेल तर जबडे उलटे लावावेत किंवा बाह्य जबड्यांचा संच वापरावा.

दुसऱ्या ऑपरेशनचं काम वारंवार असेल तर याच कुळातला समायोज्य चक घ्यावा. बकचा ॲडजस्ट-ट्रू, प्रॅट बर्नर्डचा ग्रिपट्रू आणि बायसनचा सेट-ट्रू हे याच जातीचे. बॉडी आणि ॲडॉप्टर यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते आणि कडेच्या रेडियल स्क्रूंनी सगळा चकच सरकवून मध्यावर आणता येतो. एका व्यासाला ०.०१ मिमीच्या आत सेट केला की त्याच व्यासाचे पुढचे जॉब जवळपास तिथेच येतात. व्यास बदलला की पुन्हा सेट करावा लागतो, आणि फाकलेली तोंडं याने सुधारत नाहीत. तरीही बॅचमध्ये काम करणाऱ्या टूलरूमसाठी साध्या ट्रू चकपेक्षा हा केव्हाही चांगला.

फोर जॉ इंडिपेंडंट, म्हणजेच डॉग चक

प्रत्येक जबड्याला स्वतःचा स्क्रू. चौकोनी, आयताकृती, ओबडधोबड कास्टिंग, ऑफसेट बोअर, काहीही धरतो. जबडे उलटे फिरवून लावता येतात, त्यामुळे दुसऱ्या संचाची गरज पडत नाही. पकड ट्रू चकपेक्षा जास्त, कारण जोर सर्पिलाऐवजी थेट स्क्रूवर येतो. आणि अचूकता चकवर नव्हे, डायल लावणाऱ्यावर अवलंबून असते. जुना, खडखडणारा डॉग चकसुद्धा ०.०१ मिमीत जॉब आणून देतो. हाताने चालणारा एकच चक घेता येणार असेल आणि काम मिश्र असेल, तर निवड याचीच करावी.

'सेंटर काढायला वेळ लागतो' ही याच्याविरुद्धची तक्रार बहुतेक वेळा पद्धत नीट नसल्यामुळे असते. आधी चकच्या तोंडावरच्या गोल रेघांवरून चारही जबडे अंदाजे सारखे लावावेत. मग डायल लावून फक्त १ आणि ३ ही जोडी बघावी. १ समोर असताना वाचन ०.६० आणि ३ समोर असताना ०.०० असेल, तर फरकाच्या निम्मं, म्हणजे ०.३० मिमी सरकवायचं. तिसरा जबडा थोडा सैल करून पहिला आत दाबायचा. ही जोडी जुळेपर्यंत २ आणि ४ ला हात लावायचा नाही. मग दुसरी जोडी. फरक ०.०५ च्या आत आला की सैल करणं थांबवावं आणि जास्त वाचनाच्या बाजूचा जबडा नुसता आवळत आणावा. एका वेळी चारही जबड्यांशी खेळत बसलं की अर्धा तास जातो. या क्रमाने सरावाच्या हाताला पाचेक मिनिटं पुरतात. समोरासमोर दोन चाव्या वापरल्या तर त्याहून कमी.

ऑफसेट जॉब लावला की तोल जातो. प्रतिवजन बांधल्याशिवाय वेग वाढवू नये, आणि मशीन सुरू करण्याआधी चक हाताने पूर्ण फेरा फिरवून बाहेर आलेला जबडा बेडला किंवा सॅडलला लागत नाही ना हे बघावं.

पातळ कडं धरायचं असेल तर

तीन जबड्यांत पातळ कडं आवळलं की ते तिन्ही ठिकाणी आत दबतं आणि मधल्या भागात फुगतं. त्या अवस्थेत बोअर केला तर तो चकमध्ये अगदी गोल निघतो. सोडल्यावर कडं मूळ आकारात परत जातं आणि बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. यातला खरा धोका मोजणीत आहे. तीन कोपऱ्यांच्या आकारात दोन समोरासमोरच्या बिंदूंमधलं अंतर सगळीकडे जवळपास सारखंच भरतं. म्हणून मायक्रोमीटर किंवा दोन बिंदूंचा बोअर गेज 'गोल आहे' असं सांगतो, आणि बेअरिंग मात्र बसत नाही. आतून तीन बिंदूंचा बोअर गेज लावून तो वेगवेगळ्या कोनांत वळवून बघावा. बाहेरचा व्यास तपासायचा असेल तर ६० अंशांच्या व्ही ब्लॉकवर फिरवून डायल लावावी. तीन कोपरे तिथे लगेच दिसतात.

इथे सिक्स जॉ चकचं महत्त्व कळतं. पातळ कड्याच्या स्थितिस्थापकतेच्या गणिताप्रमाणे, एकूण बळ तेवढंच ठेवून तीनऐवजी सहा बिंदूंवर वाटलं, तर दाबबिंदूपाशी होणारी विकृती साधारण एकोणिसावा हिस्सा उरते. हा फायदा मिळण्यासाठी धरायची जागा आधी टर्न केलेली हवी. खडबडीत कास्टिंगवर सहापैकी तीन-चारच जबडे टेकतात आणि मग सिक्स जॉ घेऊन काही साधत नाही. रफ कामाला तीन, फिनिशला सहा, हीच वाटणी योग्य. सिक्स जॉ परवडत नसेल तर थ्री जॉवरच जॉबला जवळजवळ पूर्ण वेढणारे पंख्याच्या आकाराचे सॉफ्ट जॉ, म्हणजे जॉबच्या मापाला कापून घेता येणारे मऊ जबडे, लावावेत. त्यांनीही मोठा फरक पडतो.

कोलेट

तयार बारमधून लहान व्यासाचे जॉब काढायचे असतील तर जबड्यांचा विचारच करू नये. कोलेट, म्हणजे चिरा पाडलेली नळी, मिटून बारला जवळपास सगळ्या बाजूंनी धरतो, बाहेर फेकलं जाणारं वस्तुमान कमी असल्यामुळे जास्त फेऱ्यांवर पकड फारशी घटत नाही, आणि ०.०१ ते ०.०२ मिमी रनआउट रोज मिळतो.

चूक होते ती मापाच्या पल्ल्यात. ५सी कोलेट त्याच्या लिहिलेल्या मापाचाच माल नीट धरतो, एक दशांश मिमी इकडेतिकडे म्हणजे हद्द. त्यापलीकडे तो फक्त पुढच्या किंवा मागच्या कडेवर टेकतो, बार सरकतो आणि कोलेटची पाकळी कायमची वाकते. ईआर जातीत पल्ला मोठा असतो. ईआर-३२ मध्ये बहुतेक मापं १ मिमीपर्यंत मिटतात, पण सगळ्यात चांगली पकड वरच्या मापाला मिळते. ईआरमध्ये आखूड तुकडा धरताना मागे त्याच मापाचा दुसरा तुकडा घालावा, नाहीतर कोलेट एका बाजूने मिटतो. पोलादाच्या पाकळ्यांमध्ये रबर भरलेली खंडित कोलेट हेड, जशी हाइनबुखच्या स्पॅनटॉपची, समांतर मिटतात. त्यामुळे गरम रोल केलेल्या बारच्या मापातला थोडा फरक ती पचवतात. सीएनसीवर बारचं काम रोज असेल तर त्यांची जास्तीची किंमत वसूल होते.

लांबीचं माप काटेकोर हवं असेल तर एक प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा: आवळताना कोलेट मागे ओढला जातो की जागेवर राहतो? ओढला जाणारा असेल तर बारच्या व्यासात जेवढा फरक, त्याच्या कित्येक पट फरक लांबीत पडतो. दुसऱ्या ऑपरेशनला जागेवर राहणारा, म्हणजे डेड लेंग्थ कोलेट घ्यावा.

पॉवर चक: कॅटलॉगचा आकडा आणि मशीनवरची पकड

सीएनसी लेथवर मागे फिरता हायड्रॉलिक सिलिंडर, मधून ड्रॉ ट्यूब (ओढणारी नळी) आणि पुढे वेजने (पाचरीने) जबडे आत ओढणारा चक ही मांडणी सर्वसामान्य आहे. या वर्गाचा नमुना म्हणून किटागावाचा ८ इंची बी-२०८ घेऊ. थ्रू-होल (आरपार भोक) ५२ मिमी, प्लंजरचा (ड्रॉ ट्यूबने ओढल्या जाणाऱ्या वेजच्या भागाचा) स्ट्रोक, म्हणजे सरक, १६ मिमी, जबड्याचा स्ट्रोक व्यासावर ७.४ मिमी, कमाल ओढ ३४.८ किलोन्यूटन, कमाल स्थिर पकड ८६ किलोन्यूटन, कमाल वेग मिनिटाला ५००० फेरे.

या आकड्यांतून बरंच वाचता येतं. जबडा त्रिज्येवर ३.७ मिमी सरकतो तेव्हा प्लंजर १६ मिमी सरकतो, म्हणजे बळ सुमारे ४.३ पट व्हायला हवं. ३४.८ चे १५० किलोन्यूटन व्हायला हवेत आणि मिळतात ८६. उरलेले वेजच्या घर्षणात जातात, तेही चक नवा आणि ग्रीस केलेला असताना. ग्रीस वाळलं की घर्षण वाढतं आणि पकड आणखी खाली येते. प्रेशर गेजवर काटा मात्र तसाच उभा असतो. म्हणून रोज प्रत्येक जबड्याच्या निपलमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं चक ग्रीस भरणं आणि भरल्यावर रिकामा चक दोन-तीनदा उघडमीट करणं हा कामाचाच भाग मानावा. साधं बेअरिंग ग्रीस कूलंटने धुऊन जातं. सहा महिन्यांनी चक खोलून साफ करावा. बिडाचं काम असेल तर त्याहून बराच लवकर, कारण बिडाची भुकटी ग्रीसमध्ये मिसळून वेज घासते.

दुसरी गोष्ट केंद्रोत्सारी बळाची. प्रत्येकी बेस जबडा (चकच्या खाचेतला) आणि त्यावरचा सॉफ्ट जॉ मिळून १.५ किलो आणि त्यांचा गुरुत्वमध्य ७० मिमी त्रिज्येवर धरू. १००० फेऱ्यांवर तिन्ही जबडे मिळून ३.५ किलोन्यूटनने बाहेर ओढले जातात, २००० वर १४, ३००० वर ३१ आणि ४००० वर ५५ किलोन्यूटनने. म्हणजे ८६ पैकी ४००० फेऱ्यांवर उरले ३१. आता त्याच चकवर उंच, जड जबडे लावा: २.५ किलो, ८५ मिमी त्रिज्या. साधारण ३५०० फेऱ्यांवर पकड शून्य होते. चकवर ५००० कोरलेलं असलं तरी. तो आकडा ठरावीक वजनाच्या जबड्यांसाठी असतो. घर्षणामुळे आणि बॉडीच्या लवचीकतेमुळे प्रत्यक्षातला तोटा याहून काहीसा कमी भरतो, पण सुरक्षिततेचा हिशोब याच आकड्यांवर करावा.

लागणारी पकड किती, हेही काढून बघू. माइल्ड स्टील, ३ मिमी कट, ०.३ मिमी फीड. दर चौरस मिमीला साधारण २००० न्यूटन धरले तर कापण्याचं बळ १८०० न्यूटन. जॉब ८० मिमीवर धरलेला आणि ८० मिमीवरच कापतोय, गुळगुळीत सॉफ्ट जॉचा घर्षणांक ०.१ आणि सुरक्षा गुणक २.५. पकड लागते ४५ किलोन्यूटन. तोच जॉब ५० मिमीवर धरून ८० मिमीवर कापायचा असेल तर ७२. दातेरी हार्ड जॉ लावून घर्षणांक ०.२ झाला तर त्याचे ३६. मिनिटाला २५० मीटर कापण्याच्या वेगाने ८० मिमीला सुमारे १००० फेरे पडतात, तिथे चक ८२ किलोन्यूटन देतो. काम होईल, पण ५० मिमीच्या पकडीत हाताशी फार उरत नाही.

सगळ्यात फसवं ऑपरेशन फेसिंगचं. जी९६, म्हणजे कापण्याचा वेग कायम ठेवणारा कोड, चालू असताना टूल मध्याकडे जातं तसे फेरे चढतात. याच वेगाने २३ मिमी व्यासाखाली उतरलं की ३५०० ओलांडले जातात आणि वरच्या जड जबड्यांची पकड संपते. म्हणून प्रोग्रॅममध्ये जी५०, काही कंट्रोलवर जी९२, देऊन फेऱ्यांची मर्यादा घालावी, आणि ती मशीनची नव्हे तर लावलेल्या जबड्यांची असावी. पातळ जॉबसाठी प्रेशर निम्मं केलं तर हलक्या जबड्यांचीही हीच गत ३५०० च्या आसपास होते, कारण केंद्रोत्सारी बळ प्रेशरबरोबर कमी होत नाही. आतून धरलेल्या जॉबचं उलट होतं: वेग वाढला की पकड वाढते आणि पातळ कडं ताणलं जातं.

नेहमीच ४००० च्या वर काम असेल तर प्रतिवजनं असलेला चक बघावा. त्यात जबडा बाहेर जाऊ लागला की आतलं वजन तरफेने त्याला परत दाबतं. ज्यांच्या कास्टिंग-फोर्जिंगच्या मापात ५-६ मिमी फरक येतो किंवा ज्यांना जबडा कॉलरच्या पलीकडे नेऊन धरावं लागतं, त्यांना वेज चकचा ७.४ मिमी स्ट्रोक अपुरा पडेल. त्यांनी मोठ्या स्ट्रोकचा तरफेचा चक घ्यावा. दिवसाला चार-पाच वेगवेगळे जॉब बदलणाऱ्यांना झटपट जबडे बदलणारा चक महाग वाटला तरी सेटिंगचा वाचलेला वेळ मोजून निर्णय घ्यावा.

जबडे मागवताना सेरेशन, म्हणजे जबड्याच्या पाठीवरच्या दात्यांचं माप, विचारायला विसरू नये. जपानी घराण्याच्या ८ इंची चकवर सहसा १.५ मिमी पिच आणि ६० अंश असतात. युरोपीय-अमेरिकी चकवर १/१६ इंच आणि ९० अंश. दिसायला जवळचे, पण एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्तीने आवळले तर बोल्ट ताण घेतो, दात टोकांवरच टेकतात आणि पहिल्या जड कटला जबडा सरकतो.

सॉफ्ट जॉ बोअर करताना

चांगल्या पॉवर चकमधून ०.०२ मिमी मिळणार की ०.१०, हे इथे ठरतं. टी-नट (खाचेत सरकणारा नट) बेस जबड्याच्या टोकाबाहेर येता कामा नये. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत. एम १२ ला साधारण १०० ते ११० न्यूटन-मीटर. तिन्ही जबडे एकाच सेरेशनच्या दातावर आहेत का ते मोजून बघावं. एका दाताची चूक म्हणजे १.५ मिमी.

मग जबड्यांत कडं किंवा गोळा पकडून, जॉब ज्या दिशेने आणि ज्या प्रेशरने धरणार त्याच दिशेने आणि प्रेशरने, स्ट्रोकच्या मधल्या भागात बोअर करावा. टोकाला बोअर केला तर जॉब थोडा लहान येताच जबडे पुढे सरकायला जागा उरत नाही. व्यास जॉबच्या व्यासाइतका ठेवावा. बोअर मोठा झाला तर जबडा फक्त मधोमध एका रेषेवर टेकतो आणि जॉब डुलतो. लहान झाला तर दोन कडांवर टेकतो. रफ कामाला कडांचं चावणं चालून जातं, फिनिश व्यासावर खुणा पडतात. तळाच्या कोपऱ्यात ०.५ ते १ मिमीची खाच काढावी. तिथे अडकलेली एक चिप जॉब तिरपा बसवायला पुरेशी असते, आणि 'फेस लागत नाही' या तक्रारींत बहुधा तीच सापडते.

मॅग्नेटिक आणि व्हॅक्युम

सरफेस ग्राइंडिंगला मॅग्नेटिक चकला पर्याय नाही. बळ पोलादाच्या संपृक्ततेने बांधलेलं आहे, चौरस सेंमीला जास्तीत जास्त साधारण १६ किलो, तेही सपाट, जाड आणि स्वच्छ स्पर्शावर. आडव्या दिशेने यातला घर्षणापुरताच अंश मिळतो, म्हणून लहान जॉबला पुढे-मागे ठोकळे लावावेत. पातळ पट्टीसाठी बारीक पोल पिच (चुंबकाच्या ध्रुवांमधलं अंतर) निवडावा. वाकडी पट्टी चुंबक ओढून सपाट करतो आणि सोडल्यावर ती परत वाकते. पहिल्या बाजूला खाली शिम (पातळ पत्रा) घालावी. वीज गेली तरी पकड राहावी असं काम असेल तर इलेक्ट्रो-परमनंट घ्यावा. ॲल्युमिनियम, पितळ, ३०४ स्टेनलेस यांना मॅग्नेटिक चक उपयोगाचा नाही.

तिथे व्हॅक्युम. ०.८ बारला चौरस सेंमीला ८ न्यूटन, म्हणजे २०० बाय ३०० मिमीच्या पत्र्यावर ४.८ किलोन्यूटन. पातळ पत्र्याच्या हलक्या मिलिंगला पुरेसं, टर्निंगच्या जड कटला नाही.

बसवणी आणि घेतानाची तपासणी

स्पिंडल नोज, म्हणजे लेथच्या स्पिंडलचं चक बसतो ते टोक, न बघता चक मागवणं ही नेहमीची चूक. ए२-६ आणि डी१-६ दोन्हींचा टेपर १०६.३७५ मिमीचाच, पण पहिला बोल्टने बसतो आणि दुसरा कॅमलॉकने (फिरवून अडकणाऱ्या कॅमने). कॅमलॉकमध्ये आवळल्यावर कॅमची खूण ३ आणि ६ वाजण्याच्या जागांमध्ये थांबली पाहिजे. नाहीतर ती पिन एक फेरा फिरवून पुन्हा लावावी. टेपर आणि फेस दोन्ही एकदम टेकले पाहिजेत, म्हणून दोन्ही पुसून, बोटाने चाचपून मगच चक चढवावा. बॅकप्लेटवर बसवायचा चक असेल तर प्लेट आपल्याच स्पिंडलवर लावून रजिस्टर (चक बसायचा उंचवटा) टर्न करावं. फेसवर डायल ०.०१ मिमीच्या आत चालत नसेल तर चकला दोष देण्यात अर्थ नाही.

बिडाच्या बॉडीची वेगमर्यादा त्याच मापाच्या स्टील बॉडीपेक्षा बरीच खाली असते. कार्बाइड टूलने काम करणार असाल तर स्टीलचीच घ्यावी. वापरलेला चक घेताना जबड्यांवरचा आणि बॉडीवरचा अनुक्रमांक पडताळावा. हार्ड जॉ त्याच बॉडीवर बसवून ग्राइंड केलेले असतात. नंबर जुळत नसतील तर जबडे दुसऱ्या चकचे आहेत, आणि ते जागेवर ग्राइंड करून घेण्याचा खर्च धरूनच भाव ठरवावा.